पुरळ वाचता येतं : शाळेच्या आवारातल्या वनस्पती आणि मुलांची त्वचा

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो, ते वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मुलांना ते तासाला वर्गाबाहेर काढायचे आणि कुंपणाशी उभं करायचे. झाडाचं नाव सांगण्याची घाई कुणी केली, तर त्याला थांबवून आधी पान कसं आहे, फूल कसं आहे, चीक निघतो का, हे सांगायला लावायचे. मी त्वचारोगांचा डॉक्टर. माझ्या धंद्यातही हीच शिस्त लागते. म्हणून आजचा विषय दोघांच्या सरहद्दीवरचा निवडला आहे : शाळेतल्या मुलांच्या अंगावर एखाद्या वनस्पतीमुळे पुरळ उठलं, तर ती वनस्पती शोधायची कशी?

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना सोपं जाईल. हा शोध बहुतेक वेळा प्रयोगशाळेत लागत नाही. पुरळ अंगावर कुठे आहे, कधी उठलं आणि त्याआधी मूल काय करत होतं, या तीन प्रश्नांत तो लागतो. आणि या तिन्हींची उत्तरं डॉक्टरांपेक्षा शाळेला जास्त चांगली ठाऊक असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं आरोग्य तपासणीचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेचे किमान दिवस ठरवले आहेत : पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२०. म्हणजे डॉक्टर मुलाला एक दिवस बघतो आणि बाई दोनशे दिवस बघतात. साक्षीदार कोण, हे वेगळं सांगायला नको.

खाज सुटली म्हणजे ॲलर्जी नव्हे

सुरुवात एका गैरसमजापासून करू. झाडाला हात लागला, खाज सुटली, की आपण म्हणतो, ‘ॲलर्जी झाली’. वनस्पती माणसाच्या कातडीला चार वेगवेगळ्या रीतींनी त्रास देतात आणि ॲलर्जी ही त्यातली फक्त एक.

पहिली रीत टोचण्याची. खाजकुइली आपल्याकडे कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत कुंपणावर चढलेली असते. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली शेंग आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल. भिंगाखाली ही मखमल बघितली तर एकेक केस सुईसारखा टोकदार दिसतो. वारा आला की हे केस सुटून उडतात. या केसांत म्युक्युनेन नावाचं प्रथिन तोडणारं द्रव्य असतं, हे शेली आणि आर्थर या संशोधकांनी १९५५ साली मांडलं. ते मज्जातंतूंच्या टोकांवरचे ठरावीक ग्राहक रेणू चेतवतं, हे २००८ च्या संशोधनात स्पष्ट झालं. यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. एक, खाजकुइली कुणालाही सोडत नाही. ज्याच्या अंगावर पडेल तो खाजवेल. दोन, ही खाज हिस्टामिनमुळे येत नाही, म्हणून आपण सर्दी-पित्तासाठी घेतो ती गोळी देऊन फारसा उपयोग होत नाही. अळू आणि सुरणाची खाजही टोचण्याचीच. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांचे जुडगे असतात. शाळेच्या व्हरांड्यात शोभेला ठेवलेल्या डिफेनबेकियाच्या रुंद, ठिपकेदार पानांतही त्याच सुया असतात आणि पहिलीतल्या मुलानं पान चावलं तर जीभ सुजते.

दुसरी रीत भाजण्याची. शेर, थोर यांचा पांढरा चीक कातडीला जाळतो. डोळ्यात गेला तर प्रकरण गंभीर होतं. रुईचा चीकही डोळ्याला वाईट. मारुतीला रुईच्या पानांची माळ करायला शनिवारी सकाळी पानं तोडणारी मुलं तोच हात डोळ्याला लावतात. इथंही कातडीनं आधी कधी या चिकाची ओळख करून घेतलेली असायची गरज नसते. चीक पुरेसा लागला की भाजतं.

तिसरी रीत सगळ्यांत फसवी, ती उन्हाची. लिंबू, अंजीर आणि काही रानटी वनस्पतींच्या रसात सोरालेन गटातली द्रव्यं असतात. रस नुसता लागून काही होत नाही. रस लागलेल्या जागेवर ऊन पडलं, की एक-दोन दिवसांनी तिथं लाली येते, फोड येतात आणि ते बरे झाल्यावर महिनोन् महिने काळा डाग राहतो. १९७० साली ब्रिटनमध्ये अशा फोडांनी कित्येक मुलं दवाखान्यात आली. जायंट हॉगवीड नावाच्या वनस्पतीचे पोकळ दांडे तोडून त्यांनी दुर्बिणी आणि फुंकनळ्या केल्या होत्या. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती गोल फोड! आपल्याकडे क्रीडा महोत्सवाच्या दिवशी मैदानात सरबतासाठी लिंबं पिळणाऱ्या मुलांच्या हातांवर असेच ओघळांचे डाग पडू शकतात. ओघळाचा आकार ज्याला ओळखता येत नाही, त्याला ते मारल्याचे किंवा चटक्याचे वळ वाटतात आणि निष्पाप घरावर संशय जातो. बावचीतलं सोरालेन कोडाच्या उपचारात वापरतात तेही याच गुणामुळे. पण ते काम डॉक्टरच्या देखरेखीखालचं.

चौथी रीत ती खरी ॲलर्जी. बिब्बा, काजू, आंबा, गाजरगवत, शेवंती ही तिची नावं. इथं झाड सगळ्यांना सारखा त्रास देत नाही. एकाच बाकावरच्या तिघांनी एकच फांदी हाताळली आणि एकालाच फोड आले, तर ॲलर्जीचा विचार पहिला करावा. तिघांनाही तासाभरात आग झाली, तर टोचणं किंवा भाजणं. ही साधी चाळणी शिक्षकही लावू शकतात.

उशिरा उठणारं पुरळ

ॲलर्जीचं वैशिष्ट्य असं की पहिल्या भेटीत बहुधा काहीच होत नाही. वनस्पतीतलं रसायन कातडीत शिरतं, तिथल्या पेशी ते उचलून शरीराच्या रक्षक पेशींना दाखवतात आणि दहा-पंधरा दिवसांत त्या रसायनाची ओळख शरीरात पक्की होते. सावकाराच्या चोपडीत नाव चढावं तसं. पुढच्या वेळी तेच रसायन लागलं की वसुली सुरू होते. पण लगेच नाही. बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही.

शोध चुकतो तो इथंच. मुलानं शनिवारी दुपारी झाड हाताळलं. पुरळ सोमवारी प्रार्थनेच्या वेळी दिसलं. मग आपण सोमवारचं कारण शोधतो : सकाळचा डबा, नवा गणवेश, वर्गात फवारलेलं औषध. शनिवार कुणाला आठवत नाही. म्हणून मी पालकांना आजचं काही विचारत नाही. गेल्या तीन दिवसांचं विचारतो. आणि ते आईला विचारण्याआधी मुलाला विचारतो. आई जवळ असली की मूल झाडावर चढल्याचं कबूल करत नाही, हाही अनुभवाचा भाग आहे.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. काही मुलांना वनस्पती लागताच अर्ध्या तासात गांधी उठतात, पित्तासारख्या. ती वेगळ्या जातीची ॲलर्जी. तिच्यात ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली, तर कारण शोधत बसू नये. गाडी काढावी आणि दवाखाना गाठावा.

धोब्याच्या खुणेची गोष्ट

पुरळाच्या जागेवरून गुन्हेगार कसा सापडतो, याचं माझं आवडतं उदाहरण शाळेतलं नाही, सैन्यातलं आहे. पण वनस्पती आपली आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक भारतात होते. त्यांच्यापैकी कित्येकांना विचित्र पुरळ उठू लागलं : मानेच्या मागे किंवा कमरेला, छोट्याशा जागी, फोड आणि भयंकर खाज. अन्न, पाणी, डास सगळ्यांवर संशय घेता आला असता. पण पुरळाची जागा कपड्यावर टेकवून बघितली तर तिथं धोब्यानं घातलेली काळी खूण निघाली. ती खूण बिब्ब्याच्या रसाची होती. कपडे कितीदा धुतले तरी न जाणारी, म्हणून तर धोबी ती वापरत. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी १९४३ साली हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि धोबी-खुणेचा त्वचादाह हे नाव वैद्यकात कायम झालं.

अमेरिकेतल्या सैनिकांनाच तो जास्त का व्हावा? त्यांच्याकडे पॉयझन आयव्ही नावाची वेल रानोमाळ उगवते. तिच्यातलं उरुशिऑल आणि बिब्ब्यातलं तेल रसायनाच्या दृष्टीनं भावंडं आहेत. ज्याच्या शरीरानं लहानपणीच आयव्हीची ओळख करून घेतली, त्याला बिब्बा परका राहत नाही. हेच कुळ आपल्याकडे पसरलं आहे : बिब्बा, काजू, आंबा आणि सह्याद्रीतला रानबिब्बा. एकाची ॲलर्जी झालेल्या मुलाला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो.

बिब्बा उतणं आपल्या आयाबायांना नवं नाही. पण आजही मुरगळलेल्या घोट्याला, पायाच्या भेगांना बिब्बा लावला जातो. आजीनं रविवारी लावला, मंगळवारी पायावर काळसर ठिपका आणि भोवती फोड, आणि दोष जातो शाळेच्या मैदानातल्या गवतावर. काळसर ठिपका मधे आणि लाली भोवती, हे बिब्ब्याचं हस्ताक्षर. काजूचं तसंच. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये मुलं बिया गोळा करतात, विस्तवात टाकतात, फोडतात. टरफलातलं तेल बोटांच्या टोकांना आणि ओठांना लागतं. बोटांची कातडी काळी पडून सोलते. कैरीच्या देठाचा चीक हे तिसरं प्रकरण. परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या दाराशी तिखट-मीठ लावलेली कैरी विकली जाते. न धुता, सालासकट चावलेल्या कैरीनं ओठांचे कोपरे आणि हनुवटी उततात. आतला गर बहुधा निर्दोष असतो. गुन्हा साल-देठातल्या चिकाचा. चीक गाळून, धुऊन, सोलून दिलेला आंबा अशी बरीच मुलं मजेत खातात. म्हणून तोंडाभोवती पुरळ आलं की त्या मुलाला आंबा जन्मभर बंद, असा निकाल देण्याची घाई नको.

गाजरगवत : पुण्यातून निघालेली साथ

आता ज्या वनस्पतीनं महाराष्ट्राच्या त्वचारोगशास्त्राला सर्वांत जास्त काम दिलं तिच्याकडे वळू. गाजरगवत, काँग्रेस गवत, पांढरफुली, चटकचांदणी. नावं कितीही घ्या. मूळ मध्य अमेरिकेकडचं. भारतातली त्याची पहिली प्रसिद्ध नोंद पुण्याची आहे. आर. एस. राव यांना ते तिथं उकिरड्यावर दिसलं आणि त्यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते कळवलं. अमेरिकी गव्हाबरोबर बी आलं, ही समजूत घट्ट आहे. त्याहून जुने नमुने वनस्पतिसंग्रहांत असल्याचंही अभ्यासकांनी दाखवलं आहे. वाट कोणतीही असो, काही वर्षांतच पुणे परिसरात लोकांचे चेहरे, माना, हात चिघळू लागले. लोणकर आणि जोग यांनी या साथीचं वर्णन १९६० च्या दशकात केलं आणि १९७४ मध्ये लोणकरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर सविस्तर लेख लिहिला. पार्थेनिन नावाचं रसायन गुन्हेगार ठरलं. ते पानांवरच्या, खोडावरच्या बारीक लवेत असतं. झाड वाळलं की लव आणि चुरा धुळीबरोबर उडतो. म्हणजे हात न लावताही त्रास.

आता मुलांकडे या. हा आजार मुख्यतः शेतात, उघड्यावर राबणाऱ्या मोठ्या माणसांचा, हे खरं. मुलांत तो कमी दिसतो. पण ज्या मुलांना आधीपासून इसब आहे, दम्याची प्रवृत्ती आहे, त्यांच्यात तो कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे, मानेवर उठतो आणि नेहमीचं इसबच वाढलं असं वाटून जातं. पावसाळ्यात वाढतं, दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी गेल्यावर उतरतं, शाळा सुरू झाली की परत येतं, असं दिसलं तर आवाराकडे बघायला हवं.

आणि आवारात काय चालतं? पंधरा ऑगस्ट जवळ येतो. मैदान स्वच्छ करायचं असतं. जुलैच्या पावसावर गाजरगवत कमरेएवढं होऊन पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं. आठवीच्या मुलांना रांगेत उभं करून ते उपटायला लावलं जातं, हात उघडे, बाह्या वर केलेल्या. उपटलेले भारे छातीशी कवटाळून कुंपणापाशी नेऊन टाकायचे, ते तिथंच वाळायचे. बरोबर ज्या अवस्थेत त्याला हात लावू नये, त्या अवस्थेत आपण मुलांच्या हाती ते देतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. माझ्या मते शाळांनी तो सप्ताह दीड-दोन महिने आधी, जूनच्या अखेरीस पाळावा. त्या वेळी रोप वीतभर असतं, फूल नसतं, जमीन ओली असते, मुळासकट निघतं. आणि उपटावं ते मोठ्या माणसांनी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. मोकळ्या जागेत टाकळा वाढू दिला की तो गाजरगवताला दाबतो. मेक्सिकन भुंगाही मदत करतो. तो १९८४ मध्ये बंगळूरला सोडला गेला आणि आता आपल्याकडेही पानं खाताना दिसतो. त्याला कीड समजून मारू नका.

अंगाचा नकाशा

शिक्षकांसाठी मी एक साधी सवय सुचवतो. पुरळ दिसलं की आधी त्याचा आकार आणि जागा कागदावर काढा. माणसाची बाह्यरेषा काढायची आणि पुरळाची जागा रंगवायची. मोबाइलचा फोटो चांगला, पण फोटोत एक तुकडा दिसतो. कागदावर सगळं अंग दिसतं.

रेषा दिसल्या, ओरखड्यासारख्या सरळ, पोटरीवर किंवा हातावर, तर पान किंवा फांदी घासली. मांड्यांच्या मागे आणि कुल्ल्यांवर, म्हणजे बाकावर काहीतरी होतं. खाजकुइली आणि वर्गातला एखादा वात्रट दोघांचाही विचार करा. बोटांची टोकं आणि ओठ म्हणजे काजू, कैरी. उघड्या भागावर सगळीकडे आहे, तर दोन शक्यता : हवेतून आलेला कण किंवा ऊन. त्यांचा निवाडा सावलीच्या जागा करतात. पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची घडी या जागी ऊन पोहोचत नाही, पण धूळ पोहोचते. तिथं पुरळ असेल तर गाजरगवताचा संशय बळावतो. त्या जागा कोऱ्या असतील तर उन्हाचा.

जे वनस्पतीचं नाही तेही हाच नकाशा सांगतो. मनगटावर गोल, म्हणजे घड्याळ, कडं. मानेभोवती पट्टा, म्हणजे ओळखपत्राची फीत. पावलावर चपलेच्या पट्ट्यांचा आकार, म्हणजे रबर. बोटांच्या बेचक्यांत, रात्री जास्त आणि घरातल्या धाकट्यालाही आहे, तर ती खरूज. तिला झाडाचं नाव देऊन वेळ घालवू नका. सकाळी उठल्यावर भाजल्यासारखी रेघ आणि कोपराच्या घडीत समोरासमोर दोन जुळे डाग असले, तर रात्री दिव्यावर आलेला लहान लाल-काळा किडा अंगावर चिरडला गेला आहे. आणि लग्नसराईनंतर हातावर मेंदीच्या नक्षीबरहुकूम फोड आले, तर मेंदीच्या पानाला दोष देऊ नका. काळी मेंदी म्हणून जे विकतात त्यात केस रंगवण्याचं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं आणि त्याची ॲलर्जी जन्मभर साथ करते.

एकदम सगळा वर्ग खाजवू लागला तर

हा प्रसंग मुख्याध्यापकांची झोप उडवतो. पाचवी ब मध्ये दोन मुली खाजवू लागतात, तासाभरात वीस जण, दुपारपर्यंत शेजारचा वर्ग. पालक दाराशी, वार्ताहर त्यांच्या मागे.

अशा वेळी पहिली दोन-तीन मुलं कोण आणि ती कुठे बसली होती, हे लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. खिडकीकडच्या रांगेपासून सुरुवात झाली असेल, तर खिडकीबाहेर बघा : वाळलेल्या शेंगांची वेल आहे का, पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे आहेत का. सुरवंटाचे केसही वाऱ्यावर येतात. मुलांना त्या वर्गातून बाहेर काढा, कपडे झटकू देऊ नका, चोळू देऊ नका. केस दिसत असतील तर चिकटपट्टी लावून उचला, मग भरपूर पाण्यानं धुवा, कपडे बदला. खाजकुइलीवर शेण चोळण्याचा गावठी उपाय मी ऐकून आहे. शेण वाळून निघताना केस घेऊन जात असेल, पण खाजवून ओरखडलेल्या कातडीवर शेण नको. चिकटपट्टी तेच काम स्वच्छपणे करते.

बघूनही काही सापडलं नाही, मुलांच्या अंगावर खाजवल्याच्या खुणांशिवाय काही नाही, वर्ग सोडताच मूल बरं होतं आणि खाज सुटणं-न सुटणं एकमेकांना बघण्यावर अवलंबून आहे, तर भीतीचा संसर्ग झाला आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका प्राथमिक शाळेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या अशा खाजेच्या साथीचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात आला आहे. हे निदान करताना जीभ जपून वापरावी. मुलं नाटक करत नसतात. त्यांना खरोखर खाजत असतं. सुरुवातीच्या दोघींना खरंच काही लागलेलं असू शकतं. त्यांना वेगळं, शांतपणे तपासावं, बाकीच्यांना मैदानात खेळायला सोडावं.

पानं घासून बघू नका

संशयित सापडला, की उत्साही माणसाला एक मोह होतो : तेच पान मुलाच्या हातावर घासून बघू, पुन्हा उठतं का. हे करू नका. कारण इतिहासात आहे. ब्रूनो ब्लॉक हे झुरिकचे मोठे त्वचारोगतज्ज्ञ. प्रिम्युला या शोभेच्या फुलझाडाचा तीव्र अर्क लावून त्यांनी निरोगी माणसांतही त्याची ॲलर्जी निर्माण करून दाखवली. ज्याला ॲलर्जी नव्हती त्याला चाचणीनंच ती जडली! वर्गात दहा मुलांच्या हातांवर बिब्बा लावून बघणं म्हणजे तोच प्रयोग, परवानगीशिवाय.

शास्त्रशुद्ध चाचणी आहे. योझेफ याडास्सोन यांनी १८९५ साली तिची सुरुवात केली. तिला पॅच टेस्ट म्हणतात. मोजून पातळ केलेलं द्रव्य पाठीवर छोट्या कप्प्यांत चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, काढून बघतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. आपल्या देशात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या जे. एस. पसरिचा यांनी ती रुजवली आणि भारतीय प्रमाण संचात आज गाजरगवताचा समावेश आहे. लहान मुलांतही ती करता येते. फक्त पुरळ उसळलेलं असताना करत नाहीत, आणि त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, मैदानात घाम गाळायचा नाही. ही चाचणी संशय पक्का करते किंवा पुसून टाकते. संशय मात्र आधी आपल्याला घ्यावा लागतो आणि तो वर सांगितलेल्या तीन प्रश्नांतून येतो.

वनस्पतीचं नाव पक्कं करायचं असेल, तर नमुना हवा. प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालायची, फुला-फळासकट फांदी धरून तोडायची, पिशवी उलटवून तोंड बांधायचं. पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ आणि सगळं झाड असे फोटो काढायचे. स्थानिक नाव लिहायचं, पण त्यावर विसंबायचं नाही. आग्या म्हणून एका तालुक्यात जे दाखवतात ते शेजारच्या तालुक्यात भलतंच असतं. जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग बहुधा ओळख पटवून देतो. त्यांना अडलं तर पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे.

शाळेनं काय करावं

झाड सापडलं की लोक कुऱ्हाड आणतात. ते मला मान्य नाही. आंब्याखाली मुलं डबा खातात, काजूवर कुणाचं घर चालतं, बिब्ब्याच्या गोडंबीवर विदर्भात बायकांचे संसार चालले आहेत. काढायचं ते मोजकंच : गाजरगवत फुलण्याआधी, खाजकुइलीची वेल शेंगा हिरव्या असताना, मैदानाला लागून असलेलं शेराचं कुंपण, आणि बालवाडीच्या हाताला लागेल अशा जागी ठेवलेली डिफेनबेकियाची कुंडी. उपटलेलं काहीही जाळू नका. धुरातून तीच रसायनं चेहऱ्यावर येतात. बाकीच्या झाडांची मुलांना ओळख करून द्या. परसबागेत अळू लावणारी शाळा मुलांना अळूचा चीक कसा टाळायचा हेही शिकवू शकते.

पुरळ उठल्यावर पहिला उपाय साबण आणि वाहतं पाणी, जितक्या लवकर तितकं बरं, नखंही धुवायची. डोळ्यात चीक गेला तर पंधरा-वीस मिनिटं पाणी आणि थेट डोळ्यांचा दवाखाना. कपाटात पडलेलं किंवा मेडिकलमधून सांगून आणलेलं मिश्र मलम लावू नका. त्यात स्टिरॉइड असतं. पुरळ दोन दिवस दबतं, नकाशा पुसला जातो आणि खरूज किंवा नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो.

आणि एक वही ठेवा. कुणाला, कोणत्या तारखेला, अंगावर कुठे, त्याआधीच्या तीन दिवसांत काय केलं, आणखी कुणाला झालं. एवढे पाच रकाने. वर्षभरानं ती वही उघडली, की महिना आणि कोपरा आपोआप दिसू लागतो : जानेवारीत मागच्या खिडक्या, एप्रिलमध्ये ओठ, ऑगस्टमध्ये कोपर आणि पापण्या. ही वही सांभाळायला नववीतली दोन चौकस मुलं पुरतात. विज्ञानाच्या प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी फुटतो. त्याच्याऐवजी एखाद्या वर्षी आपल्याच आवाराचा हा नकाशा टेबलावर आला, तर परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत, मी मात्र तो बघायला येईन.

त्या वहीतल्या पानाचा फोटो घेऊन एखादी आई माझ्याकडे आली, तर माझं निम्मं काम झालेलं असेल. उरलेलं निम्मं, म्हणजे मलम कोणतं, किती दिवस, पॅच टेस्ट लागेल की नाही, हे माझं काम आहे आणि ते मी करीन. पहिलं निम्मं मात्र शिक्षकांशिवाय कुणाच्यानं होणार नाही. ज्या सरांच्या नावानं आपण जमलो, त्यांनी ते कुंपणापाशी उभं राहून आयुष्यभर केलं.

 प्रश्न जरूर विचारा. फक्त पुरळ दाखवायचं असेल तर त्याआधीच्या तीन दिवसांचा हिशेब घेऊन या.